अपेक्षेचा जमाखर्च

नेदरलंड्समधील उत्रेख्त या जुन्या विद्यापीठनगरीत फ्रान्सिस्कस डोंडर्स नावाचा एक शरीरक्रियाशास्त्रज्ञ होऊन गेला. त्याने 1868 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगाची हकीकत अशी : माणसाच्या दोन्ही पायांना विजेचा बारीकसा चटका देता येईल अशी योजना करून, ज्या पायाला चटका बसेल त्याच बाजूच्या हाताने तत्काळ खूण करावयाची, असे त्याला बजावण्यात आले. चटका कोणत्या पायाला बसणार हे आगाऊ सांगितलेले असताना लागलेला वेळ एका बाजूला, आणि ते मुळीच न सांगितलेले असताना लागलेला वेळ दुसऱ्या बाजूला, असे दोन आकडे मांडून डोंडर्सने मोठ्यातून लहान वजा केला. बाकी उरली ती सेकंदाच्या सुमारे पंधराव्या हिश्शाएवढी. एवढ्या अवधीत, त्याच्या मते, त्या माणसाच्या मनाने 'डावा की उजवा' या प्रश्नाचा निकाल लावला होता. मनुष्याचा निर्णय अंकांत पकडण्याचा हा अगदी आरंभीचा यत्न. आणि तो ज्या साध्या वजाबाकीने साधला, त्याच वजाबाकीवर पुढे सव्वाशे वर्षांनी मेंदूच्या चित्रांचे सारे शास्त्र उभे राहावयाचे होते.

निर्णयाला किती वेळ लागला हे डोंडर्सने सांगितले. तो मेंदूत कोठे झाला आणि कोणत्या हिशेबाने झाला, हे दोन प्रश्न मात्र तसेच राहिले. पहिल्याचा पाठपुरावा शरीरशास्त्रज्ञांनी आणि पदार्थवैज्ञानिकांनी केला. दुसऱ्याचा मानसशास्त्रज्ञांनी आणि कालांतराने संगणकशास्त्रज्ञांनी. हे दोन पक्ष दीर्घकाळ एकमेकांच्या दप्तरात डोकावले नाहीत. 2003 साली दोघांची चोपडी एक झाली, आणि या शास्त्राच्या सबंध इतिहासात मला तो प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो; कारण त्या वेळेपासून मेंदूला विचारावयाच्या प्रश्नाचे रूपच पालटले. 'कोठे' या शब्दाच्या जोडीला 'किती' हा शब्द आला.

पहिल्या वाटेचा आरंभ इटलीतील तुरीन येथे झाला. आंजेलो मोस्सो याच्या निरीक्षणाखाली एक असा शेतकरी होता की ज्याच्या कवटीला इजा होऊन तिच्यात खिंड पडली होती, आणि त्या खिंडीतून त्याच्या मेंदूचे स्पंदन प्रत्यक्ष नोंदता येत असे. एके दिवशी दुपारच्या बाराच्या घंटा झाल्या, आणि स्पंदनाची रेघ एकाएकी उंचावली. या घंटेबरोबर तुला प्रार्थनेची आठवण झाली काय, असे मोस्सोने विचारताच ती पुन्हा उंचावली. हाताच्या नाडीत मात्र फरक पडला नव्हता. नुसत्या आठवणीने, नुसत्या मनोव्यापाराने मेंदूकडे रक्ताची धाव वाढते, हा सिद्धान्त मोस्सोने त्यावरून बांधला. पुढे तर त्याने माणसाला आडवे निजवता येईल असा नाजूक तराजूच तयार केला, की मन कामास लागताच डोक्याकडील बाजू खाली झुकावी. केंब्रिज येथे रॉय आणि शेरिंग्टन यांनी 1890 साली त्याच विचाराला प्राण्यांवरील प्रयोगांचा आधार दिला : मेंदूच्या ज्या भागाला काम पडते त्या भागाचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता वाढविण्याची सोय मेंदूतच आहे.

ही गोष्ट पुढे कित्येक वर्षे जवळजवळ अडगळीत राहिली, कारण कवटी न फोडता आणि शरीरात बाहेरचे काही न टोचता ती पाहावी कशी याचा मार्ग नव्हता. तो सापडला तोही अनपेक्षित दिशेने. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कॉर्येल यांनी 1936 साली असे दाखविले होते की, रक्तातील हिमोग्लोबिनजवळ प्राणवायू असताना त्याचे चुंबकीय वर्तन एक, आणि प्राणवायू देऊन टाकल्यावर ते दुसरेच. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने 1990 साली याच भेदाचा उपयोग करून घेतला. बेशुद्ध केलेल्या उंदराच्या मेंदूच्या चुंबकीय प्रतिमेत त्याला बारीक काळ्या रेघा दिसत. त्या रक्तवाहिन्या होत्या, आणि उंदराला निव्वळ प्राणवायू हुंगविला की त्या रेघा मावळत. म्हणजे रक्त स्वतःच आपली खूण घेऊन हिंडत होते; बाहेरून रंग किंवा किरणोत्सर्गी द्रव्य टोचण्याची आवश्यकताच उरली नव्हती. 1992 साली ओगावाने आणि त्याबरोबरच बॉस्टन व मिलवॉकी येथील संशोधकांनी हीच पद्धत माणसांवर यशस्वी करून दाखविली, आणि ज्याला आज आपण एफएमआरआय म्हणतो ते तंत्र जन्माला आले.

पुढील दहा वर्षांत या चित्रांचा पूर लोटला. पद्धत मात्र डोंडर्सचीच : माणसाला एकदा काम द्यावयाचे, एकदा द्यावयाचे नाही, आणि एका चित्रातून दुसरे चित्र वजा करावयाचे. शब्द वाचणे, चेहरा ओळखणे, हात हलविणे अशा व्यापारांना ही वजाबाकी पुष्कळ अंशी पुरी पडली. निर्णयाच्या बाबतीत मात्र ती तोकडी पडू लागली, आणि तिचे कारण निर्णयाच्या स्वभावातच आहे. पैज लावणाऱ्या माणसाच्या मनात दोन-चार सेकंदांच्या मुदतीत आशा, पूर्वस्मृती, तुलना, निवड, फळाची वाट पाहणे आणि मग हर्ष किंवा विषाद, अशी दाटी होते. 'खेळताना' मधून 'न खेळताना' वजा केले तर या साऱ्यांचा एकच ढीग हाती लागतो. शिवाय पहिल्या डावाला जिंकणारा आणि पन्नासाव्या डावाला जिंकणारा हे बाहेरून सारखे दिसले तरी आतून सारखे नसतात. पहिल्याला अचंबा वाटतो. दुसऱ्याला ती सवयीची गोष्ट झालेली असते. हा आतला फरक कोणत्याही वजाबाकीत उमटत नाही. तो मोजावयाचा तर मनात काय चालले असावे याचा आधी आकडेवार मसुदा हवा.

असा मसुदा दुसऱ्या वाटेवर एव्हाना तयार होत आला होता. बुश आणि मॉस्टेलर यांनी 1951 साली शिकण्याची क्रिया समीकरणात घातली होती. 1960 च्या दशकाच्या अखेरीस कॅनडात लिओन कॅमिन याने उंदरांवर एक मार्मिक प्रयोग केला. एका आवाजानंतर विजेचा धक्का बसतो हे उंदराने पुरते ओळखल्यावर, त्याच आवाजाच्या जोडीला दिवाही लावावयाचा आणि धक्का पूर्वीप्रमाणेच द्यावयाचा. दिवा आणि धक्का यांची गाठ कितीही वेळा पडली तरी पुढे नुसत्या दिव्याला उंदीर फारसा भीत नसे. केवळ साहचर्याने शिक्षण होते हा जुना समज येथे कोसळला. धक्का अपेक्षितच होता, दिव्याने नवे काही सांगितले नव्हते, म्हणून दिव्याबद्दल शिकण्यासारखे काही उरले नव्हते. येल विद्यापीठातील रॉबर्ट रेस्कोर्ला आणि ॲलन वॅग्नर यांनी 1972 साली हे मर्म एका ओळीच्या सूत्रात पकडले. जे मिळाले त्यातून जे अपेक्षिले होते ते वजा करा. उरेल ती त्रुटी. त्या त्रुटीचा काही हिस्सा जुन्या अपेक्षेत मिळवा, की नवी अपेक्षा तयार. मराठीत आपण 'आडाखा चुकला' म्हणतो ते बहुधा खेदाने. या सूत्रात मात्र चुकलेला आडाखा हेच शिकण्याचे सारे भांडवल आहे. जेथे आडाखा बरोबर आला तेथे शिक्षण थांबले.

या सूत्रात एक उणीव होती : फळ हाती पडेपर्यंत ते गप्प राही. मॅसॅच्युसेट्समधील रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांनी, यंत्राला शिकवावे कसे या विचारात असताना, ती दूर केली. पेरणी झाल्यावर मृग कोरडा गेला तर शेतकरी पिकाचा अंदाज तेव्हाच खाली आणतो; सुगीपर्यंत थांबत नाही. म्हणजे त्रुटी ही केवळ फळ आणि अपेक्षा यांच्यातच नव्हे, तर कालची अपेक्षा आणि आजची अपेक्षा यांच्यातही असते. सटनने 1988 साली या रीतीची पद्धतशीर मांडणी केली, आणि थोड्याच वर्षांत तिच्या बळावर एका संगणकाने बॅकगॅमन हा फाशांचा खेळ स्वतःशीच खेळून खेळून पट्टीच्या खेळाडूंच्या तोडीस जाण्याइतका आत्मसात केला.

आता या कथेतील सर्वांत विलक्षण योगायोग येतो. स्वित्झर्लंडमधील फ्रीबूर येथे वोल्फ्राम शुल्ट्स हा माकडांच्या मेंदूतील, डोपामिन हे रसायन स्रवणाऱ्या पेशींचे विद्युत्-ठोके ऐकत होता. कंपवाताच्या रोग्यांत याच पेशी नष्ट होतात, तेव्हा त्यांचा संबंध हालचालीशी असणार, या अपेक्षेने त्याने ऐकावयास आरंभ केला. परंतु पेशी हालचालीला फारशी दाद देईनात. माकडाच्या जिभेवर फळाच्या रसाचा थेंब अवचित पडला की मात्र त्या जोराने कडाडत. पुढे दिव्यानंतर रस येतो हे माकडाला उमगले, तेव्हा कडाडणे रसावरून सरकून दिव्यावर आले, आणि रस आला तरी पेशी स्वस्थ राहू लागल्या. आणि एखाद्या वेळी दिवा लावून रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी तो यावयाचा त्याच क्षणी पेशींचे नेहमीचे मंद ठोकेही बंद पडत. काहीच न घडल्याची ही नोंद होती. ज्याने कोणी वाट पाहिली आहे त्याला त्या शांततेचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

कॅलिफोर्नियातील ला होया येथील साल्क संस्थेत, टेरेन्स सेजनोव्स्की यांच्या प्रयोगशाळेत, रीड माँटेग्यू आणि पीटर डायन हे दोन तरुण त्या सुमारास सटन-बार्टोच्या गणितात मुरलेले होते. शुल्ट्सच्या पेशींचे आलेख त्यांना परके वाटले नाहीत : अनपेक्षित लाभाला धन त्रुटी, अपेक्षित लाभाला शून्य, चुकलेल्या लाभाला ऋण. संगणकाला शिकविण्यासाठी कागदावर लिहिलेली राशी लक्षावधी वर्षांपूर्वी निसर्गाने पेशीत घालून ठेवली होती, असे म्हणण्याजोगा तो दाखला होता. 1996 साली त्यांनी आपला सिद्धान्त सविस्तर मांडला, आणि 1997 साली शुल्ट्स, डायन व माँटेग्यू या तिघांच्या नावाने 'सायन्स' या साप्ताहिकात जो लेख आला तो या विषयाचा आधारस्तंभच होऊन बसला.

परंतु ही झाली माकडाची गोष्ट. निरोगी माणसाच्या मेंदूत तारा खुपसता येत नाहीत. आणि चुंबकाच्या यंत्रात माणूस निजला तरी ते यंत्र पेशींचे ठोके ऐकत नाही, त्यांच्या आसपासच्या रक्ताची चाहूल तेवढी घेते, तीही पाच-सहा सेकंद उशिराने. या अडचणीतून वाट काढण्याचे श्रेय बऱ्याच अंशी लंडनच्या क्वीन स्क्वेअर या एका चौकाला द्यावे लागेल. तेथील प्रतिमालेखन प्रयोगशाळेत कार्ल फ्रिस्टन याने चित्रांच्या विश्लेषणाची अशी संख्याशास्त्रीय पद्धत बसविली होती, आणि तिची आज्ञावली जगभर मोफत वाटली होती, की जीत प्रत्येक प्रसंगाला 'होता' किंवा 'नव्हता' एवढेच न म्हणता त्याला आकड्याचे वजन देता येई. आणि 1998 साली त्याच चौकात सुरू झालेल्या गॅट्सबी या संगणकीय मेंदूविज्ञानाच्या केंद्रात डायन येऊन दाखल झाला. ज्याच्याजवळ आकडे होते तो, आणि आकडे लावता येतील अशी चित्रे ज्यांच्याजवळ होती ते, असे दोघेही हाकेच्या अंतरावर आले.

एप्रिल 2003 च्या 'न्यूरॉन' या नियतकालिकात दोन लेख एकदमच प्रसिद्ध झाले. एक क्वीन स्क्वेअरचा : जॉन ओडोहर्टी, डायन, फ्रिस्टन, क्रिचली आणि रेमंड डोलन यांचा. दुसरा अमेरिकेतून : सॅम्युएल मक्ल्युअर, ग्रेगरी बर्न्स आणि माँटेग्यू यांचा. यंत्राच्या नळकांड्यात डोके स्थिर ठेवून माणूस निजलेला, तोंडात प्लॅस्टिकची बारीक नळी, डोळ्यांपुढे पडदा. लंडनच्या प्रयोगात पडद्यावर एक विशिष्ट आकृती आली की काही क्षणांनी नळीतून ग्लुकोजच्या गोड पाण्याचा घोट येई. कधी आकृती येऊनही घोट येत नसे, कधी आकृतीवाचूनच येई. अमेरिकेतील प्रयोगात दिव्याच्या लुकलुकीनंतर सहा सेकंदांनी फळाचा रस मिळे, आणि काही वेळा मुद्दाम आणखी चार सेकंद उशीर केला जाई. माणसाने करावयाचे असे काही नव्हतेच. वाट पाहावयाची आणि घोट गिळावयाचा. पण दोन्ही ठिकाणी, मेंदूच्या तळाशी असलेल्या स्ट्रायटम या भागात, जेथे डोपामिनच्या तंतूंची दाट पेरणी आहे, रक्ताचा चढउतार सटन-बार्टोच्या त्रुटीबरहुकूम होत होता. आकडे आधी कागदावर तयार होते. मेंदूने त्यांना रुजवात दिली.

हा शिरस्ता पुढे सर्वत्र रूढ झाला, म्हणून त्याचा तपशील जवळून पाहावा. समजा, एका जुगारयंत्रापासून माणसाची अपेक्षा 40 गुणांची आहे, आणि मिळाले 60. त्रुटी झाली अधिक 20. त्या माणसाचा शिकण्याचा दर 0.3 धरला तर अपेक्षेत 6 मिळवावयाचे. नवी अपेक्षा 46. पुढच्या खेपेस मिळाले 30. त्रुटी उणे 16. अपेक्षा उतरून 41.2. अशी रोजकीर्द प्रत्येक डावाची लिहीत जावयाची. हा 0.3 आला कोठून? तो माणसाच्या निवडींवरूनच काढावयाचा : निरनिराळे दर घालून पाहावयाचे, आणि त्याने प्रत्यक्षात केलेल्या निवडी ज्या दराने सर्वांत संभाव्य ठरतील तो पत्करावयाचा. मग त्रुटींची ती मालिका रक्ताच्या संथ चालीशी जुळेल अशी ताणून घ्यावयाची, आणि मेंदूचे जे हजारो चिमुकले घन यंत्राने नोंदलेले असतात त्यांतील प्रत्येकाच्या आलेखाशी ती ताडून पाहावयाची. यात विशेष असा की, संशोधक आपला तर्क आकड्यांत आधी लिहून देतो. तो खोटा ठरण्याची जोखीम पत्करतो. नुसत्या वजाबाकीच्या चित्रात काहीतरी ठिपका उमटतोच, आणि ठिपक्याला मागाहून अर्थ चिकटविणे फार सोपे असते.

या पद्धतीचे सामर्थ्य मला सर्वांत स्पष्ट दिसते ते नॅथनिएल डॉ, ओडोहर्टी, डायन, सिमोर आणि डोलन यांनी 2006 साली 'नेचर' मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात. पडद्यावर निरनिराळ्या रंगांची चार जुगारयंत्रे; प्रत्येकाचे देणे हळूहळू, कोणालाही न कळवता, वरखाली सरकणारे. जे यंत्र आज उदार आहे ते काही वेळाने कृपण होईल, आणि ज्याच्याकडे माणूस फिरकला नाही ते दरम्यान उदार झाले असेल. तेव्हा ओळखीच्या यंत्राचे दोहन करीत राहावे, की घटकाभर तोटा सोसून अनोळखी यंत्र चाचपून पाहावे? नव्या वाणाला एक वाफा द्यावा की सगळे शेत जुन्याच भरवशाच्या बियाण्याने पेरावे, ही द्विधा प्रत्येक कास्तकार जाणतो. आता पाहणाऱ्याला एवढेच दिसते की माणसाने तिसरे बटण दाबले. ते लोभाने दाबले की शोधबुद्धीने, हे त्या बोटाकडे पाहून कळत नाही. परंतु ज्या आकडेवार मसुद्याने, म्हणजे प्रतिमानाने, त्या माणसाच्या चारही अपेक्षांची खतावणी डावागणिक ठेवली आहे, त्याला ते सांगता येते : सर्वांत मोठी अपेक्षा ज्या यंत्राकडून होती तेच निवडले असेल तर दोहन, दुसरे निवडले असेल तर शोध. या कसोटीने डावांची विभागणी केली, आणि शोधाच्या डावांत कपाळामागील मेंदूचे अगदी पुढचे टोक, तसेच पार्श्वभागातील एक खाच, अधिक कार्यरत झालेली आढळली. ही विभागणी डोळ्यांनी होण्यासारखी नव्हती. गणित नसते तर हे चित्रही नसते.

त्याच वर्षी, क्वीन स्क्वेअरच्या त्याच चौकातून, कार्यकारणाच्या दिशेनेही एक पाऊल पडले. दोन गोष्टी एकत्र वरखाली होतात एवढ्यावरून एकीमुळे दुसरी घडते असे ठरत नाही, हा आक्षेप रास्तच होता. पेसिग्लिओने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काही निरोगी माणसांना डोपामिन वाढविणारे लेव्होडोपा दिले, काहींना त्याचा प्रभाव रोखणारे हॅलोपेरिडॉल दिले, आणि चिन्हांच्या जोड्यांतून पैसे मिळविण्याचा खेळ खेळविला. लेव्होडोपा घेतलेल्यांनी अधिक पैसे मिळविले, आणि स्ट्रायटममधील त्रुटीची नोंदही त्यांच्यात ठळक होती. तोटा टाळण्याच्या कौशल्यात मात्र दोन्ही गटांत तफावत पडली नाही. शिवाय त्या नोंदींतील फरक प्रतिमानात घातला की दोन गटांच्या वागण्यातील फरकही त्यातून निघत होता. 2009 साली पेनसिल्व्हेनियातून याहून थेट साक्ष आली. कंपवाताच्या रोग्यांवर शस्त्रक्रिया करताना मेंदूत तार घालावीच लागते. रोगी तेव्हा जागा असतो. त्याच्या संमतीने त्याला पत्त्यांचा एक छोटा खेळ देण्यात आला, आणि माणसाच्या मेंदूतील त्या पेशींनी अनपेक्षित लाभाला तोच प्रतिसाद दिला जो शुल्ट्सने माकडात ऐकला होता.

प्रतिमानाने मेंदूला शिकविण्याऐवजी मेंदूने प्रतिमानकारांना शिकविल्याचाही एक प्रसंग आहे. डॉ, याएल निव आणि डायन यांनी 2005 साली असा विचार मांडला होता की, निर्णयाच्या दोन पेढ्या असाव्यात : एक सवयीची, जी केवळ मागील लाभहानीवर चालते, दुसरी विचाराची, जी जगाचा नकाशा मनात धरून पुढील पावलांचा हिशेब करते. दोघींचे जमाखर्च निरनिराळे, म्हणून त्यांच्या जागाही निराळ्या, अशी सर्वसाधारण अपेक्षा होती. 2011 साली दोन पायऱ्यांचा एक खेळ रचून ती पारखण्यात आली. पहिल्या पायरीवरील निवड बहुधा एका ठरावीक दालनाकडे नेई, क्वचित भलत्याच दालनात. भलत्या दालनात लाभ झाला तर सवयीचा माणूस पहिलीच निवड पुन्हा करील. नकाशा जाणणारा उलट निवड करील, कारण त्या दालनाची नेहमीची वाट तीच. बहुतेकांच्या वागण्यात दोहोंचे मिश्रण आढळले. आणि ज्या स्ट्रायटमला आतापर्यंत निव्वळ सवयीचा कारकून समजत होते, त्याच्याच नोंदीत विचाराच्या पेढीचेही आकडे मिसळलेले निघाले. अशा वेळी शास्त्रावर विश्वास बसतो. मांडलेला तर्क चित्राने अमान्य केला, आणि ते त्या तर्काच्या कर्त्यांपैकीच काहींनी छापले.

लाभहानीवाचून होणाऱ्या निर्णयांचाही एक समांतर इतिहास आहे, त्याचा येथे उल्लेखच पुरे. धुक्यातून येणारी गाडी कोणती हे ओळखताना मन पुरावा थेंबाथेंबाने साठविते आणि साठा एका मर्यादेस पोहोचला की निकाल देते, ही कल्पना रॉजर रॅटक्लिफ याने 1978 साली गणितात मांडली. तिची भावंडे दुसऱ्या महायुद्धातील सांकेतिक लिपी फोडणाऱ्या ॲलन ट्यूरिंगच्या हिशेबांतही सापडतात. 2008 साली बिर्टे फोर्स्टमन आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, 'घाई करा' असे सांगितले असता जे लोक ही मर्यादा अधिक खाली आणतात, त्यांच्याच स्ट्रायटममध्ये आणि हालचालींच्या पूर्वतयारीच्या भागात रक्ताची वाढ अधिक होते.

इतके यश आल्यावर तपासणीचे दिवस येणे क्रमप्राप्त होते, आणि ते आले. 2009 साली एका मृत सामन माशाला यंत्रात ठेवून, त्याला माणसांची चित्रे दाखवून, प्रचलित सैल कसोट्यांनी पाहिले असता त्याच्याही मेंदूत 'क्रिया' दिसते, हे क्रेग बेनेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निदर्शनास आणले. हजारो घनांची एकाच वेळी तपासणी केली की काही योगायोगाने जुळणारच. त्याची वजावट न करणाऱ्यांना हा जरब बसविणारा इशारा होता. प्रतिमानांच्या पद्धतीचे स्वतःचेही काही दोष होते. त्रुटी म्हणजे लाभ वजा अपेक्षा. तेव्हा जो भाग केवळ लाभाला दाद देतो तोही त्रुटीशी जुळल्यासारखा भासतो. खरी त्रुटी सिद्ध करावयाची तर लाभाबरोबर वाढ आणि अपेक्षेबरोबर घट, अशी दोन्ही अंगे स्वतंत्रपणे दाखविली पाहिजेत, आणि पुष्कळ लेखांत ती दाखविलेली नसत. रॉबर्ट विल्सन आणि निव यांनी 2015 साली आणखी एक गोष्ट उघड केली : शिकण्याचा दर बराच चुकीचा धरला तरी चित्र जवळजवळ तेच येते. म्हणजे चित्र जुळले यावरून प्रतिमानाचा तो आकडा खरा ठरत नाही.

सर्वांत कठोर फेरतपासणी 2020 साली झाली, आणि ती निर्णयाच्याच प्रयोगावर झाली हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तेल अवीव येथे 108 माणसांना, अर्धी शक्यता लाभाची आणि अर्धी तोट्याची, अशा पैजा घ्यावयाच्या की नाकारावयाच्या हे यंत्रात निजून ठरवावयास सांगण्यात आले. ती सारी सामग्री जगातील 70 संशोधकगटांच्या हवाली करून, नऊ विधाने खरी की खोटी एवढेच विचारण्यात आले. कोणत्याही दोन गटांनी विश्लेषणाची तंतोतंत एकच वाट धरली नाही, आणि कित्येक विधानांवर निकाल दुभंगले. मूळ नकाशे मात्र पुष्कळ अंशी एकमेकांसारखे होते. फरक पडला तो शेवटच्या कसोटीच्या रेषेपाशी. यामुळे काहींनी या शास्त्रावर अविश्वासाचा शिक्का मारला. मला तो अन्याय वाटतो. आपल्या वहीचे सत्तर मुनिमांकडून हिशेब करवून घेऊन तफावत जाहीर करणारी शास्त्रे फार थोडी आहेत.

या सगळ्या खटाटोपाचा उपयोग आजारी मनाला होईल काय, हा प्रश्न आता पुढे आला आहे. माँटेग्यू, डोलन, फ्रिस्टन आणि डायन यांनी 2012 साली 'संगणकीय मनोविकारशास्त्र' या नावाने तो औपचारिकपणे मांडला, आणि 2017 साली डायन, डोलन व शुल्ट्स यांना डेन्मार्कचा 'ब्रेन प्राइझ' हा मोठा पुरस्कारही मिळाला. रॉब रटलेज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तर 2014 साली, पैजांच्या मध्येमध्ये 'या क्षणी तुम्ही किती सुखी आहात?' असे विचारून, क्षणिक सुखाचेही समीकरण बसविले. एकूण किती मिळाले यावर सुख अवलंबून नव्हते. नुकतेच जे मिळाले ते अपेक्षेहून अधिक की उणे, यावर होते. तोच खेळ दूरध्वनीच्या पडद्यावर 18,420 लोकांनी खेळला, आणि तेच समीकरण तेथेही लागू पडले.

मग विषण्णतेच्या रोग्यांत ही त्रुटीच मंदावलेली असेल, असा तर्क साहजिक होता, आणि काही आधीच्या प्रयोगांत तसे दिसलेही होते. 2017 साली रटलेजने मध्यम प्रतीच्या विषण्णतेच्या रोग्यांना यंत्रात निजवून तोच पैजांचा खेळ दिला. त्यांच्या सुखाची सरासरी पातळी निरोगी माणसांपेक्षा खाली होती. पण अनपेक्षित लाभ झाला की स्ट्रायटममध्ये त्रुटीची नोंद होत होती, निरोगी माणसांइतकीच, आणि तेवढ्या क्षणापुरते त्यांचे मनही वर उचलले जात होते.